वाचकांचे प्रश्न : जर्मन आडनाव आणि मूळ गाव

प्रश्न : आमची सून जर्मनीची, माहेरचं आडनाव केस्लर. तिचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर श्लेझियातून (आज बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या जुन्या जर्मन प्रांतातून) बव्हेरियात आले, एवढंच व्याह्यांना ठाऊक आहे. गावाचं नाव कोणालाच नीट सांगता येत नाही. नातवासाठी त्याच्या आईकडची वंशावळ करायची आहे. केस्लर या आडनावावरून गाव सापडेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही सापडणार. 'केसेल' म्हणजे हंडा किंवा कढई, आणि ती घडवणारा तो केस्लर, आपला तांबट. हा धंदा जर्मन मुलखात सगळीकडे होता, त्यामुळे आडनावही ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. दोन केस्लर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. म्हणून आडनावाचा अर्थ बाजूला ठेवा आणि आधी गाव शोधा. जर्मनीत जन्म-लग्न-मृत्यूची देशभराची एकच यादी नाही. प्रत्येक गावाचं नोंदणी कार्यालय, म्हणजे 'श्टांडेसआम्ट', आपापली दप्तरं सांभाळतं. त्यामुळे गाव माहीत नसेल तर अर्ज कुठे करायचा इथेच गाडी अडते.

गावाचा पहिला धागा बव्हेरियातच मिळेल. पणजोबा जिथे वारले तिथल्या मृत्यूनोंदीत त्यांचं जन्मगाव असतं. मृत्यूला ३० वर्षं उलटली असतील तर ती नोंद सहसा शहराच्या अभिलेखागारात गेलेली असते आणि ती कोणालाही मागता येते. लग्नाच्या नोंदीसाठी ही मुदत ८० वर्षं आणि जन्माच्या नोंदीसाठी ११० वर्षं आहे. मुदतीच्या आतली नोंद मुख्यतः थेट वंशजांना मिळते. तेव्हा अर्जावर सही सूनबाईंची हवी, तुमची चालणार नाही. सोबत साखळी जोडावी लागते : सूनबाईंचा जन्मदाखला, मग त्यांच्या वडिलांचा, मग आजोबांचा. बरेच अर्ज परत येतात ते यातली एखादी कडी राहून गेल्यामुळे. आणखी एक गोष्ट. नुसता दाखला मागू नका, मूळ नोंदीची छायाप्रत मागा. दाखल्यात मोजक्याच ओळी येतात. मूळ नोंदीत समासातल्या टिपा असतात आणि पुढचं लग्न किंवा मृत्यू कुठे नोंदला गेला ते त्यांतूनच कळतं.

व्याह्यांना घरातली जुनी कागदपत्रं चाळायला सांगा. नाझी राजवटीत लोकांना आपला वंश सिद्ध करायला भाग पाडलं जाई, त्यासाठी 'आनेनपास' नावाची पुस्तिका असे. तिचा हेतू अमानुष होता, पण तिच्यात खापरपणजोबांपर्यंतची नावं, तारखा आणि चर्चचे शिक्के सापडू शकतात. दुसरी जागा म्हणजे बायरॉइट इथलं संघीय अभिलेखागाराचं दप्तर. पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या जर्मनांना गमावलेल्या घरा-शेताची भरपाई देण्यासाठी १९५२ साली कायदा झाला. त्या दाव्यांच्या फायली तिथे आहेत. भरपाई मागायची तर मिळकत कुठल्या गावात होती हे लिहावंच लागे, म्हणून या फायली फार मोलाच्या.

गावाचं नाव हाती आलं की ते आजच्या नकाशावर शोधायला जाऊ नका. श्लेझियाचा बहुतेक भाग १९४५ नंतर पोलंडकडे गेला आणि गावांना पोलिश नावं मिळाली. ब्रेसलाऊचं व्रोत्सवाफ झालं. त्याआधी १९३०च्या दशकात नाझींनी स्लाव वळणाची कितीतरी ग्रामनावं बदलली होती, म्हणजे एकाच गावाची तीन नावंही निघतात. २०१४ च्या आधीच्या सरकारी कागदात 'बेळगावी' शोधणाऱ्याची जी अडचण होईल, तीच इथे तिप्पट. उपाय म्हणजे जर्मन साम्राज्याचा १९१२चा 'मायर्स' स्थलकोश. तो इंटरनेटवर फुकट आहे. गाव कुठल्या तालुक्यात, नोंदणी कार्यालय कुठे, चर्च कुठलं, हे त्यात दिलेलं असतं. 'नॉयश्टाट' नावाची गावं ढिगानं आहेत, त्यामुळे तालुका कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

श्लेझिया प्रशिया या जर्मन राज्यात असल्यानं तिथली सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ पासूनची. उरलेल्या जर्मनीत ती १ जानेवारी १८७६ पासून सर्वत्र लागू झाली. श्लेझियातली वाचलेली दप्तरं मुख्यतः पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत, काही बर्लिनच्या पहिल्या क्रमांकाच्या श्टांडेसआम्टमध्ये पोचली. १८७४ पूर्वीच्या काळासाठी चर्चच्या वह्या बघायच्या, म्हणून घराणं प्रोटेस्टंट की कॅथलिक हे आधी विचारून घ्या. प्रोटेस्टंट वह्यांसाठी 'आर्खिओन' हे संकेतस्थळ पैसे भरून वापरता येतं. कॅथलिक वह्यांसाठी 'मात्रिकुला' फुकट आहे. मात्र दोन्हीकडे सगळी गावं नाहीत.

नोंद समोर आली तरी वाचता येईलच असं नाही. ती 'कुरेंट' या जुन्या हस्ताक्षरात असते, त्यातला 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो. केस्लर एका 'एस'नं, दोन 'एस'नं आणि 'एसझेट' या जोडाक्षरानंही लिहिलेलं सापडेल, तिन्ही तपासा. जुन्या वह्यांत बाईच्या आडनावाला 'इन' जोडतात, म्हणून 'केस्लरिन' हे वेगळं घराणं समजू नका. मुलाची दोन-तीन नावं असतात आणि सगळे भाऊ 'योहान' असू शकतात. हाक मारायचं नाव बहुधा दुसरं. '७ब्रिस' म्हणजे सातवा महिना नव्हे, सप्टेंबर (लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात). याच एका खुणेपायी कित्येक वंशावळींतल्या तारखा दोन महिने मागे सरकलेल्या दिसतात.

प्रश्न : आमच्या आजोबांना पहिल्या महायुद्धाच्या आधी हुबळीला बासेल मिशनच्या शाळेत एक जर्मन पाद्री शिकवत. घरच्या वहीत त्यांचं आडनाव 'फोगेल' असं बाळबोधीत लिहिलं आहे. त्यांचं मूळ गाव कळेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचं काम वरच्यापेक्षा सोपं आहे. बासेल हे शहर स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण मिशनचे पुष्कळसे लोक जर्मनीतल्या व्यूर्टेमबर्गचे होते. मिशनचं दप्तर आज बासेलमध्ये 'मिशन २१'च्या अभिलेखागारात आहे. तिथे पाठवलेल्या प्रत्येक पाद्र्याचा अनुक्रमांक, जन्मगाव आणि भरतीच्या वेळी त्यानं स्वतः लिहिलेली जीवनहकीकत मिळू शकते. पत्रात हुबळी आणि अंदाजे साल जरूर लिहा. जर्मन 'व्ही'चा उच्चार 'फ' होतो, म्हणून फोगेल 'व्ही'खाली शोधायला सांगा, 'एफ'खाली नव्हे. फोगेल म्हणजे पक्षी. टोपणनावावरून किंवा पारध्याच्या धंद्यावरून पडलेलं हे आडनाव, त्यावरून गाव ठरत नाही.

जन्मगाव कळलं आणि ते व्यूर्टेमबर्गचं निघालं, तर नशीब थोर समजा. तिथल्या चर्चनी १८०८ पासून कुटुंबवार वह्या ठेवल्या. एका पानावर नवरा-बायको, दोघांचे आईवडील आणि सगळी मुलं. इतरत्र वीस नोंदी धुंडाळून जे हाती लागतं ते इथे एका पानात मिळतं.

युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी जर्मन पाद्र्यांना अहमदनगरच्या छावणीत अडकवून ठेवलं, म्हणून शाळेच्या कागदांत ते नाव १९१४ नंतर दिसलं नाही तर मृत्यू झाला असं धरू नका. एक सावधगिरी : पाद्री हुबळी-धारवाडचे नसून खुद्द बेळगावचे असतील तर बासेलला लिहून उपयोग नाही. बेळगावात १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटी होती, तिचे कागद लंडनच्या 'सोआस' या विद्यापीठात आहेत.

प्रश्न : हॉफमन घराण्याचं कुलचिन्ह चौकटीत बसवून इंटरनेटवर विकत मिळतं. जर्मन व्याह्यांना भेट द्यावं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : देऊ नका. असं चिन्ह विशिष्ट माणसाचं आणि त्याच्या वंशजांचं असतं, आडनावाचं नसतं. हॉफमन म्हणजे जहागिरीच्या वाड्यावर किंवा शेतावर राबणारा, किंवा ती कसणारा. अशी असंख्य कुटुंबं होती आणि विक्रेता त्यांतल्या कोणा एकाचं चिन्ह सगळ्यांना विकतो. त्यापेक्षा व्याह्यांच्या आजी-आजोबांच्या लग्ननोंदीची छायाप्रत मागवून ती चौकटीत बसवा. ८० वर्षं उलटली असतील तर त्यासाठी त्यांची सहीसुद्धा लागत नाही, फक्त गाव आणि साल नक्की हवं.