पहिल्यांदाच स्पितीला सायकल नेताय? आधी हे वाचा

हिमाचलातल्या या उंच खोऱ्यात जरूर जा! फक्त मनालीकडून शिरू नका. त्या वाटेवरची कुंझुम खिंड सुमारे 4500 मीटरवर आहे. इतक्या झटपट उंची गाठलीत तर डोकं धरून बसाल. शिमला-किन्नौरकडून चढ हळूहळू येतो. वाटेत स्पितीतल्या ताबो गावी एक दिवस थांबाच. तिथला मातीचा मठ इसवी सन 996 चा, आतली भित्तिचित्रं घाईत बघायची नाहीतच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जड गिअर रेटत चढतात. मागे अशी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) लावा, जिचं सगळ्यात मोठं चक्र 34 दात्यांचं असेल.
- उतारावर ब्रेक दाबूनच ठेवतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.
- उशिरा निघतात. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून पहाटेच निघा.

ट्यूबलेस वगैरे नंतर बोलू. आधी पोलादपूर ते महाबळेश्वर सामानासकट चढून बघा.