मुख्याध्यापक झाल्यावर शिक्षणाविषयीची तुमची कोणती समजूत बदलली, आणि घरच्या जगण्यावर त्याचा काय परिणाम झाला?

सतरा वर्षे वर्गात शिकवल्यानंतर मी मुख्याध्यापिका झाले आणि त्यालाही आता नऊ वर्षे होत आली. आपल्या प्रश्नातील बदललेली समजूत शोधायला मला फार आठवावे लागले नाही, कारण ती एकच आहे. शाळा परिपत्रकांवर, सभेतल्या ठरावांवर आणि फळ्यावरच्या सुविचारांवर चालते, असे मला पूर्वी वाटे. प्रत्यक्षात मुख्याध्यापक रोज येता-जाता काय विचारतो, यावर ती बरीचशी चालते.

पहिल्या वर्षी व्हरांड्यात भेटणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी एकच विचारत असे, "पोर्शन कुठवर आला?" त्यात कोणाला टोचण्याचा हेतू नव्हता, मलाही वर उत्तर द्यायचे असे आणि तोच प्रश्न माझ्या तोंडात बसला होता. सत्र संपताना सगळ्यांचा अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण झाला, तेव्हा मी मनातून खूश होते. पुढे एक शिक्षिका रजेवर असताना सातवीच्या वर्गावर मी बदली तासिका घेतली. अपूर्णांकांचा भागाकार "झालेला" होता, वह्यांतील उदाहरणे सुवाच्य होती आणि प्रत्येकाखाली लाल शाईची खूण होती. मी विचारले, "अर्ध्याला पावाने भागले तर उत्तर दोन येते, भागूनही संख्या वाढली कशी?" एक मुलगा तत्परतेने म्हणाला, "दुसरी संख्या उलटी करून गुणायचे." नियम साऱ्या वर्गाला पाठ होता, परंतु अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, एवढाच तो प्रश्न आहे, हे कोणालाही सांगता आले नाही. यात त्या शिक्षिकेचा दोष मी धरत नाही. मी पोर्शन विचारत होते आणि तिने पोर्शन दिला होता.

म्हणून मी प्रश्न बदलला, "आज कोणाला समजले नाही?" हा प्रश्न माझ्या मते चांगला होता, तरी शिक्षकांच्या कानांवर तो तपासणीसारखाच पडला, आणि जवळजवळ दोन महिने मला सगळीकडून एकच उत्तर मिळत राहिले, "सगळ्यांना समजले, मॅडम." कोंडी फुटली ती अगदी साध्या कारणाने. मी तेव्हाही आठवड्याला चार तासिका गणित शिकवत असे (मुख्याध्यापकाने शिकवणे सोडू नये असे माझे ठाम मत आहे, कार्यालयात कितीही कागद साचले तरी), आणि एका शिक्षकसभेत मी माझ्याच वर्गातील तीन मुलांविषयी बोलले, ज्यांना मी दोनदा समजावूनही ऋण संख्या कळल्या नव्हत्या. त्या सभेनंतर दोन शिक्षक आपापल्या वर्गातील मुलांविषयी बोलायला आले. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी 1990च्या दशकात शिकागोच्या प्राथमिक शाळांचा दीर्घ अभ्यास केला. शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक यांच्यात परस्परविश्वास असलेल्या शाळांची गणित-वाचनातील प्रगती होण्याची शक्यता पुष्कळ अधिक होती, असे त्यांना आढळले. मला ते पटते. मात्र विश्वास मागून मिळत नाही आणि त्याची पहिली किंमत वरिष्ठालाच मोजावी लागते, हे मी त्या दोन महिन्यांत शिकले.

प्रश्न बदलून भागत नाही, उत्तराची वाटही पाहावी लागते. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतील संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबत, न विचारता बोलणारी मुले वाढत आणि "माहीत नाही" कमी होई. हे वाचून मी घड्याळ घेऊन वर्गांच्या मागच्या बाकावर बसू लागले. एका सहकाऱ्याने मग माझीच तासिका मोजली, आणि मीही एका सेकंदापुढे जात नव्हते. सभेत तर त्याहून वाईट प्रकार होता: "कोणाला काही सांगायचे आहे?" असे विचारता विचारता मी नोंदवही मिटत असे. आता मी वही उघडी ठेवून गप्प बसते, आणि ती शांतता सुरुवातीला मलाच सहन होत नसे. अशाच एका शांततेत, सभेत कधीही न बोलणाऱ्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी सांगितले की आठवीच्या एका तुकडीला गणिताची तासिका आठवड्यातून चारदा दिवसाच्या अखेरीस येते आणि मुले पेंगतात. ते वेळापत्रक मी स्वतः लावले होते आणि तीन वर्षे तसेच ठेवले होते.

सगळेच जमले, असे मुळीच नाही. शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधिका रूथ बटलर यांनी 1988 साली दाखवले होते की नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारते, पण शेऱ्याबरोबर गुणही दिले तर तो फायदा नाहीसा होतो. त्यावर विसंबून मी एका इयत्तेच्या घटक चाचण्यांत फक्त शेरे द्यायला लावले. घरी मुलांना "किती पडले?" हेच विचारले जात होते, त्यामुळे पालकांची नाराजी वाढली आणि दुसऱ्या सत्रात मी माघार घेतली. पालकांना विश्वासात न घेता सुरुवात केली, ही चूक माझी होती.

आता घराविषयी. पोर्शनचा प्रश्न मी शाळेतून हद्दपार केला, तो घरी मात्र तसाच राहिला होता, दारात चपला काढतानाच मी मुलीला विचारत असे, "अभ्यास झाला का?" एका संध्याकाळी तिने पुस्तकातून मान वर न करता उत्तर दिले, "झाला, मॅडम." मी हसले, पण रात्री झोप लागेना. तेव्हापासून घरी आल्यावर पहिला अर्धा तास मी तिला अभ्यासाचे काहीच विचारत नाही. अधूनमधून सवय उफाळून येते, आणि अशा वेळी "मॅडम" हा शब्द मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.