रात्री अकराचा माइक, रमीचं कर्ज आणि सावंतवाडीचे पत्ते

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की मोबाइल, गेम, सिरियल, बातम्या, जे काही डोक्यात घोळतंय ते बिनधास्त विचारा, आणि पत्रांचा ढीगच आला. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्यासारखे प्रश्न अजून बऱ्याच घरांत असतील ती घेतेय. नावं कुणाचीच देत नाहीये, फक्त गाव.

ताई, माझा मुलगा दहावीला आहे. रात्री हेडफोन लावून बीजीएमआय खेळतो, "अरे मागून येतोय, कव्हर दे, कव्हर दे" असं ओरडत असतो. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं" आणि मग अर्धा तास पत्ता नाही. परवा मी वैतागून वायफायच बंद केलं तर चक्क रडला, दोन दिवस बोलला नाही. हा गेम सरकारने बंद केला होता ना? मग हा चोरून खेळतोय का? (एक आई, इचलकरंजी)

चोरून नाही खेळत तो, आधी ते मनातून काढा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ ॲप्स बंद केली त्यात पबजी मोबाइल होता, मग २०२१ च्या जुलैमध्ये क्राफ्टन कंपनीने भारतासाठी त्याचाच वेगळा अवतार, बीजीएमआय, काढला, तोही जुलै २०२२ मध्ये काढून टाकायला लावला आणि मे २०२३ मध्ये परत आला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास अशी मर्यादाही घातली होती. एवढी ये-जा झाल्यामुळे अनेक आयांच्या डोक्यात "बंद झालेला गेम" असंच बसलंय. आणि २०२५ चा जो नवा कायदा आहे तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, त्याचं पुढे एका पत्राच्या उत्तरात सांगतेच.

आता त्या "दोन मिनिटं"बद्दल. माझ्या भाच्याने मला शेजारी बसवून एक अख्खी मॅच दाखवली तेव्हा मला हे कळलं, म्हणून तुम्हालाही सांगते. विमानातून १०० जण एका बेटावर उड्या मारतात, घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, पट्ट्या गोळा करतात, त्याला ही पोरं लूट म्हणतात, आणि वर एक गोल झोन असतो तो आक्रसत जातो, म्हणजे सगळ्यांना हळूहळू एकमेकांच्या अंगावर यावंच लागतं. मोठी मॅच साधारण अर्धा तास चालते आणि ती थांबवता येत नाही, कारण पलीकडे खेळणारी पण माणसंच असतात. चौघांचा स्क्वाड, म्हणजे एक टोळी. गोळी लागली की खेळाडू लगेच मरत नाही, नॉक होतो, गुडघ्यांवर रांगत राहतो, आणि मित्राने जवळ येऊन दहाएक सेकंद बसून त्याला रिवाइव्ह केलं तरच परत उभा राहतो. ते दहा सेकंद गोळ्या चालूच असतात. भाचा तेव्हा श्वास रोखून बसला होता, खरंच.

म्हणजे तुम्ही वायफाय बंद केलं तेव्हा तुमच्या दृष्टीने एक खेळ बंद झाला पण त्याच्या दृष्टीने तो तीन मित्रांना भर मैदानात सोडून पळाला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ते त्याला तेच ऐकवणार. म्हणून रडला हो तो.

तर हाक मारायची ती मॅचच्या मध्ये नका मारू. खोलीच्या दारात जाऊन एवढंच विचारा, "लॉबीत आहेस का मॅचमध्ये?" लॉबी म्हणजे मॅच लागायच्या आधीची थांबायची जागा. लॉबीत असेल तर लगेच उठायचं, मॅचमध्ये असेल तर ती संपली की दुसरी लावायची नाही. हे आधी एकदा शांतपणे ठरवून घ्या. तासांचा हिशोब लावू नका, मॅचचा लावा. दहावीचं वर्ष आहे, अभ्यास झाल्यावर दोन मॅच, आणि रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये, सगळ्यांचेच, बाबांचासुद्धा. हे शेवटचं पाळलं नाही तर आधीचं काहीच टिकत नाही.

आणि एक दिवस खरंच बसा त्याच्या बाजूला. कुठे उतरतोस, माइकवर कोण कोण आहे, हा वर्गातला का, आणि तो चौथा कोण, हे विचारा. चौथा कधीकधी रँडम असतो, म्हणजे अनोळखी, कुठल्याही वयाचा, आणि शिव्या देतो. त्याला म्यूट करता येतं आणि ते मुलाला येतं का हे तुम्ही बघायलाच हवं. यूसी नावाचे गेममधले पैसे असतात ते खऱ्या पैशाने विकत घ्यावे लागतात, गेममधल्या कपड्यांसाठी वगैरे, तेव्हा तुमचा यूपीआयचा पिन त्याला माहीत नको. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार म्हणून आजारांच्या यादीत घेतलाय पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं असं बघतात. जेवायला उशीर करणारं पोर त्यात येत नाही. शाळा सुटायला लागली, मित्र तुटले, जेवण गेलं, तर मात्र वर्षभर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

मराठी सिनेमाला शो मिळतात ते सकाळी नाहीतर रात्री उशिरा. ओटीटीवर आला की बघू असं म्हटलं तर काय बिघडलं? (नाशिक)

बिघडतं. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या त्यावर सोमवारपासूनचे शो ठरतात, चौथ्या दिवशी तुम्ही चौकशी करेपर्यंत सिनेमा गेलेला असतो. त्यात आपलेच सिनेमे एकमेकांच्या अंगावर येतात, १२ सप्टेंबर २०२५ च्या एकाच शुक्रवारी "दशावतार" धरून तीन मराठी सिनेमे लागले होते, आता तेवढाच प्रेक्षक तिघांत वाटला जाणार. आणि प्रत्येक मराठी सिनेमा ओटीटीवाले घेतातच असंही नाही. महिन्यात एक सिनेमा ठरवा आणि पहिल्या रविवारी जा, सकाळचा शो असला तरी जा.

मी चाकणला कंपनीत आहे. रमीच्या एका ॲपवर पगारातले पैसे घालवले, मग मित्रांकडून उसने घेतले, मग लोन ॲप. ऑगस्टमध्ये कायदा आला, ॲप बंद झालं, सुटलो असं वाटलं. आता टेलिग्रामवर एक जण परदेशातल्या साइटची लिंक देतोय, आणि एकदा खेळून निदान गेलेले काढू असं सारखं वाटतं. बायकोला काहीच माहीत नाही. मला पोलीस पकडतील का? (चाकण)

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

पोलिसांचं आधी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक पास झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत अशा शिक्षा आहेत. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. पूर्वी कंपन्या म्हणायच्या की रमी हा कौशल्याचा खेळ आहे, १९६८ साली सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंही होतं, पण नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला, पैसे लावून पैसे जिंकायची आशा असेल तर बंद. कंपन्या कोर्टात गेल्यात, तो त्यांचा झगडा, तुम्ही त्यात गुंतू नका.

आता त्या लिंकचं. ती आजच्या आज उडवा, ग्रुपमधून बाहेर पडा, त्या माणसाला ब्लॉक करा, हे वाचून झाल्या झाल्या करा. बाहेरच्या साइटवर पैसे अडकले तर विचारायला कुणीही नसतं. वर "जिंकलेले काढायचे तर आधी थोडे अजून भरा" हा ठरलेला सापळा आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीचा तोच नंबर आहे.

"गेलेले काढू" हा जो विचार आहे ना, सगळं कर्ज त्यातूनच उभं राहिलंय, तुम्हीच मागे वळून बघा, पहिल्यांदा उसने कधी घेतले, हरल्यावरच ना. ते पैसे गेले. हे वाक्य कडू आहे पण ते एकदा गिळलं की पुढचं सगळं जमतं.

बायकोला सांगा. लोन ॲपवाले फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन करतात अशा तक्रारी किती तरी ठिकाणी झाल्यात, तिला ते परक्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. सांगताना कागद घेऊन बसा, कुणाचे किती, व्याज किती, हप्ता कधी, सगळं लिहा आणि पूर्ण आकडा एकदाच सांगा. निम्मा आकडा सांगून उरलेला नंतर सांगितला तर आधीच्या निम्म्यावरचाही विश्वास जातो. ती चिडेल, रडेल, माहेरी जाते म्हणेल. त्या रात्री तुम्ही फक्त घरात थांबायचं, सफाई द्यायची नाही. पगाराचं खातं काही महिने तिच्या नजरेखाली ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची मर्यादा एकदम खाली आणा, आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी एकटे राहू नका. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी फोन लावा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

पुढच्या महिन्यात मला परत लिहा. खरंच वाट बघतेय.

घरच्या ग्रुपवर थोरले काका राजकारणाचे फॉरवर्ड टाकतात, चुलतदीर भांडतात, आता दिवाळीला एकत्र यायचं की नाही इथपर्यंत गेलंय. (सोलापूर)

मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते का बघा, तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो, आणि असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. काकांना ती खूण काय आहे हे समोर बसून दाखवा, ग्रुपवर नको. थोरल्या माणसाला पंचवीस जणांपुढे चूक म्हटलं की तो मागे फिरूच शकत नाही, मग ते बरोबर असो की चूक. दिराला पण हेच सांगा. आणि दिवाळीला जा.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. दिव्या देशमुखचं ऐकल्यापासून बुद्धिबळ परत सुरू करायचं मनात आहे पण सोबतीला कुणी नाही. मोबाइलवर जमेल का? (वर्धा)

जमेल बाई, मस्त जमेल! नागपूरची पोरगी २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, समोर कोनेरू हंपीसारखी दिग्गज, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, मग आपल्या विदर्भात पट निघणारच. लीचेस नावाचं ॲप घ्या, फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात एका मिनिटाचे डाव असतात ते पोरांसाठी सोडा, तुम्ही एका चालीला काही दिवस मिळतात तो प्रकार निवडा, म्हणजे सकाळी चहा घेताना एक चाल करायची आणि समोरचा त्याच्या सवडीने करणार. सुरुवातीला १५०० रेटिंग, म्हणजे तुमच्या ताकदीचा आकडा, प्रश्नचिन्हासकट दिसेल, आणि ते धडाधड खाली येईल, त्याने खट्टू होऊ नका, तुमच्या ताकदीचा जोडीदार शोधायला ॲपला तेवढे डाव लागतात. चॅट नको असेल तर बंद करता येतं.

ताई मी सावंतवाडीची, फाइन आर्टला आहे. मला गेममध्ये काम करायचंय, चित्रं, डिझाइन. बाबा म्हणतात गेम बनवणं हे काय काम आहे का. (सावंतवाडी)

आहे, आणि बाबांना दाखवायला पुण्याचंच उदाहरण देते. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्यातल्या छोट्या टीमने "राजी" हा गेम केला, २०२० मध्ये आला, निन्टेंडोच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर जगभर खेळला गेला, आणि त्यातले महाल, भिंती, चित्रं सगळी आपल्याकडची. पैसे उभे करताना त्यांचे हाल झाले हेही बाबांना सांग, लपवू नको. युबीसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. पण जगभर या धंद्यात नोकरकपात पण झालीय गेल्या काही वर्षांत, म्हणून डिग्री सोडून उडी मारू नकोस. थ्रीडी चित्रांसाठी ब्लेंडर आणि गेम बनवायला गोडो, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर शिकायला लाग.

आणि तू सावंतवाडीत बसून मला हा प्रश्न विचारतेस याचं मला फार अप्रूप वाटलं, कारण तुझ्या गावात राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात! दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातही निम्म्या अवतारांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा, म्हणजे हातात पत्ता आला की आधी अवतार बघायचा मग किंमत ठरवायची. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या राजापासून सुरुवात आणि रात्री बसलं तर कृष्णाच्या. फोनला वेळ कळते, सूर्य मावळला की गेमने आपोआप सुरुवात बदलायची, विचार कर किती सुंदर होईल!

सगळे १२० करायला जाऊ नकोस, दमशील. चार अवतार घे, दोन दहाच्या बाजूचे, दोन एक्क्याच्या, पत्ते स्वतः कागदावर रंगव आणि स्कॅन कर. राजवाड्यातल्या कारागिरांकडे जाऊन बस, रंग कसे लावतात ते बघ, विचारून फोटो काढ आणि गेममध्ये त्यांचं नाव टाक. मग तेवढ्याच पत्त्यांचा डाव फोनवर चालायला लागला की पहिल्यांदा बाबांनाच खेळायला दे, आणि मलाही लिंक पाठव.