उरीयाचं नाव यादीत शेवटी

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

परवा रात्री तू फोनवर जे सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. पण फोन ठेवताना तू जे विचारलंस तेच दोन दिवस डोक्यात आहे. काका, मी देवाजवळ रडून सगळं कबूल केलंय, त्याने क्षमा केली, मग आता माणसांना कशाला सांगायचं, उगाच सगळ्यांना त्रास. मी म्हटलं सवडीने बोलू. खरं तर उत्तर तेव्हाच माहीत होतं पण द्यायचा धीर झाला नाही, कारण ते द्यायचं तर मला माझंही सांगावं लागणार होतं.

पहिलं म्हणजे क्षमेबद्दल शंका घेऊ नकोस. बायबलमधलं 2 शमुवेल 12 काढ. दावीद राजाने गच्चीवरून बथशेबाला पाहून तिला आणवलं आणि तिच्या नवऱ्याला, आपल्याच सैन्यातल्या उरीयाला, लढाईत मारवलं, त्यानंतरचा हा अध्याय. संदेष्टा नाथान दाविदाच्या तोंडावर म्हणतो तो माणूस तूच, दावीद म्हणतो मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं, आणि त्याच 13 व्या वचनात नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. एकाच वचनात कबुली आणि क्षमा दोन्ही. पण तीन वचनं मागे जा, तिथे तलवार तुझ्या घराण्यातून जाणार नाही असं सांगून झालेलं आहे, आणि क्षमा झाल्यावर ते कुणी मागे घेत नाही. आपण संडे स्कूलपासून पापाचे वेतन मरण हे घोकतो आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर ते भरलं म्हणतो, आणि ते खरंच आहे, माझा सगळा आधार त्याच्यावर आहे. पण देवासमोरचा दोष गेला म्हणजे आपण जे करून ठेवलं ते घराघरातून आपोआप निघून जातं असं शास्त्र कुठेच म्हणत नाही.

दाविदाची गोष्ट आपण बथशेबा, उरीया, नाथान आणि मग त्याचं पश्चात्तापाचं 51 वं स्तोत्र इथे थांबवतो. तू पुढचा अध्याय वाच, 13 वा. थोरला मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, जबरदस्ती करतो. दाविदाला कळतं आणि शास्त्र म्हणतं राजा फार संतापला. बस, एवढंच. शिक्षा नाही, बोलावून विचारणं नाही, आणि तामार आपल्या सख्ख्या भावाच्या, अबशालोमाच्या, घरी उजाड होऊन राहते. राजा गप्प का बसला ते तिथे लिहिलेलं नाही, पण मला वाटतं मला ते कळतं. कुठल्या तोंडाने बोलणार? अम्नोन एका वाक्यात उलटा प्रश्न विचारू शकत होता, आणि त्याने विचारला नाही तरी तो विचारेल ही भीती पुरते. पुढे अबशालोम दोन वर्षं गप्प राहून अम्नोनाला मारतो, पळून जातो, परत येऊन बापाचंच राज्य घेतो आणि राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून सगळ्या इस्राएलदेखत बापाच्या उपपत्नींशी कुकर्म करतो. गच्चीवर बरं का, बाप जिथून खाली बघत उभा होता तशीच राजवाड्याची गच्ची. हा सल्ला देणारा अहीथोफेल, दाविदाचाच जुना सल्लागार, आणि 23 व्या अध्यायात अहीथोफेलाच्या मुलाचं नाव अलीयाम आहे, 11 व्या अध्यायात बथशेबाच्या वडलांचं नावही अलीयाम आहे, तो एकच माणूस असेल तर हा म्हातारा तिचा आजा होता. किती वर्षं त्याने ते पोटात ठेवलं असेल बघ.

आणि त्याच 23 व्या अध्यायात दाविदाच्या शूर वीरांची यादी आहे, एकंदर सदतीस, त्यात सगळ्यात शेवटचं नाव उरीया हित्ती. राजाने ज्याच्याच हातात त्याच्या मरणाचं पत्र देऊन पाठवलं तो. 1 राजे 15 मध्ये दाविदाची स्तुती येते तिथेही, उरीया हित्तीचं प्रकरण सोडून, एवढी पुस्ती आहेच. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तर येशूची वंशावळ लिहिताना बथशेबाचं नावसुद्धा घेत नाही, उरीयाची बायको म्हणतो. क्षमा झालेल्या माणसाच्या नावापुढे हजार वर्षांनी हे लिहिलं जातं, आणि ते आपल्या प्रभूच्या वंशावळीत. मी हे भक्तीत कितीदा वाचून दाखवलं असेल, पण एकदाही आवाज स्थिर राहिलेला नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, नाहीतर तू याचा उलटा अर्थ लावशील. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, की लगेच हे माझ्या पापाचं फळ असं मानू नकोस आणि दुसऱ्याच्या बाबतीत तर अजिबात म्हणू नकोस. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं आणि प्रभूने स्पष्ट सांगितलं, याने पाप केलं नाही की याच्या आईबापांनीही नाही. आपल्यातली काही मोठी माणसं आजारी माणसाच्या उशाशी बसून असलं बोलतात, मला फार राग येतो.

आता माझं. 1984 च्या नाताळात कॅरलच्या फेरीचा खजिनदार मी होतो, वय वीस. घरोघर ढोलकी हार्मोनियम घेऊन गायचं आणि पत्र्याच्या डब्यात पैसे जमायचे, ते मी आणि माझा एक मित्र मिळून मोजायचो. शेवटच्या रात्री तो लवकर घरी गेला आणि मी एकट्याने मोजले, एक हजार पाचशे साठ निघाले. वहीत मी 1,260 लिहिले. तीनशे खिशात. कशाला लागत होते ते आता सांगण्यासारखंही नाही. ईस्टरला मी शंभराच्या तीन नोटा घडी करून दानथैलीत टाकल्या, गुडघे टेकून रडलो, आणि उठताना वाटलं हिशोब मिटला.

पण चर्चच्या मंडळीतल्या कुणाकुणाला आपण किती दिले ते आठवत होतं, आकडा कमी वाटला, कुजबुज झाली. माझे वडील शिक्षक होते, मित्राच्या घरी हातावर पोट. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पुढच्या नाताळात फक्त त्याच्या हातात डबा दिला नाही. मी तिथेच उभा होतो. तो दोन रविवार आला, मग यायचा बंद झाला. मी शिक्षक झालो, मग मंडळीचा पंच झालो, आणि मीटिंगमध्ये हिशोबाचा विषय निघाला की माझी मान खाली. एका वर्षी पावत्या जुळत नव्हत्या, सगळ्यांना दिसत होतं, मी बोललो असतो तर हिशोब ठेवणाऱ्या त्या पोराला वेळेवर सावरता आलं असतं, पण माझी जीभच उचलेना. त्याने पुढे जे केलं त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा आहे. 32 व्या स्तोत्रात दावीद म्हणतो ना, गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. बाहेरून मी चांगला धडधाकट होतो, प्रार्थना चालवत होतो, लग्नात आशीर्वादाला उभा राहत होतो.

2006 साली मी पिंपरीला त्याच्या घरी गेलो. बावीस वर्षांनी. त्याने ओळखलं, आत घेतलं, बायकोने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिला, मग म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं रे तू घेतलेस. पण आईला माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत मला विचारायची, खरं सांग, तू घेतले नव्हतेस ना. आई चार वर्षांपूर्वी गेली होती. त्याने मला क्षमा केली, मनापासून केली, आजही आम्ही फोनवर बोलतो, पण त्या माउलीला सांगायचं राहिलं ते राहिलंच, आता मी काहीही केलं तरी ते होणार नाही.

म्हणून तुला सांगतोय. तुझ्या प्रकरणात ज्याच्यावर संशय आलाय त्याचे आईवडील अजून आहेत. तू थांबतोयस तो प्रत्येक आठवडा त्यांच्या खिशातून जातोय, तुझ्या नाही. लोकांचे पैसे लुबाडणारा जकातदार जक्कय प्रभूसमोर उभा राहून चौपट परत करतो म्हणाला तेव्हा ज्यांचं घेतलं होतं त्यांच्याकडे जावं लागणारच होतं ना त्याला. सांगितल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित नोकरी जाईल, तुझ्या घरचे काही दिवस बोलणार नाहीत, ती मुलगीही काय म्हणेल माहीत नाही. या कशाचीही मी तुला खात्री देत नाही.

शनिवारी मला वेळ आहे. सकाळी नऊच्या एसटीने मी तुझ्याकडे येतो, आधी आपण दोघं बसून प्रार्थना करू आणि मग त्यांच्या घरी जाऊ. आत तू जायचं आणि तूच बोलायचं, मी बाहेर ओट्यावर बसतो, कितीही वेळ लागला तरी. पैसे पाकिटात घालून घे, आणि त्यांच्याकडे फोन करून येतोय म्हणून आधी कळव, मला मेसेज टाक.

तुझा
काका