वजनकाटा पडवीत आला

"तक्रार केलंय तर काम जातला मा, ताई?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की विचारणारीच्या आवाजावरून तो येणार हे आधीच कळतं. ही बाई वेंगुर्ल्याकडची (ओळखीचे तपशील बदललेत), काजू फोडून बोटांची टोकं काळी पडलेली. मुकादमाने मनगट धरलं, तिने हिसडा दिला, तर त्याने ट्रे अंगावर फेकला. खांदा काळानिळा.

चूक माझीच. मी लगेच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सांगत सुटले. ती घड्याळाकडे बघत राहिली आणि एसटी चुकेल म्हणून उठली.

दुसऱ्या खेपेला एवढंच विचारलं, नेमकी भीती कधी वाटते? संध्याकाळी, म्हणाली. गर वजनाला एकेकीने आतल्या खोलीत न्यायचे. काटा त्याच्याकडे, वहीही त्याच्याकडे, मजुरी किलोवर. म्हणजे तो नाराज झाला की वजन कमी भरणार!

त्या दिवसापासून दोघीदोघी आत जायच्या असं त्यांनी ठरवलं. सरकारी दवाखान्यात मार नोंदवून घेतला. तारीख, वेळ, बाहेर कोण होतं, हे जाऊबाईने वहीत उतरवलं.

मालक म्हणाला, सात बायका, आमच्याकडे कुठली तक्रार समिती? पण त्याच 2013 च्या कायद्याने 10 पेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून 3 महिने. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. मग मालक पाकीट घेऊन आला. कायद्याने तडजोड बाईने मागितली तरच, आणि तीही पैशांवर नाही.

काम जाणार नाही असं वचन मी दिलं नाही. चौकशीदरम्यान तिने लेखी मागितलं तर समिती बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा सुचवू शकते, हे सांगितलं. एका शेडमध्ये बदली करणार कुठे, हे मलाही कळत नाही. ट्रे फेकून मारल्याबद्दल पोलिसांत जायची वाट वेगळी. ती तिने अजून धरलेली नाही, मीही ढकलत नाही.

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, स्थानिक समितीकडे तक्रार दिली, चौकशी चालू आहे. दरम्यान बाकीच्या सहाजणींनी मालकाला गाठून काटा पडवीत आणायला लावला. मुकादम अजून येतो. वही मात्र आता मालकाची सून लिहिते.