साहेबांना कळलं तर?

"ऑफिसात सांगू, की गप्प राहू? की नोकरीच सोडून देऊ?" मधुमेह, थायरॉइड, संधिवात, आजार वेगवेगळे, प्रश्न एकच. समुपदेशनाला येणाऱ्यांकडून अलीकडे तो इतक्या वेळा ऐकला की मीनलबद्दल (नाव बदललं आहे) लिहायलाच बसले.

मीनल अडतिशीची, शिवाजीनगरला एका ऑफिसात अकाउंटंट. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण आमवात म्हणतो तो. सकाळी दीड तास बोटं आखडलेली, दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नाही. तरी सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून साडेनऊला पोहोचायची धडपड. आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी रविवारी रात्री, त्यामुळे सोमवारी मळमळ आणि गळाठा.

"साहेबांना कळलं तर मी संपले, मॅडम."

"आत्ता त्यांना काय कळतंय?"

ती बराच वेळ गप्प. मीही. अशा वेळी सल्ला न देता थांबणं मला इतक्या वर्षांत जमायला लागलंय.

"मी उशिरा येते. चुका करते. सोमवारी दांड्या मारते." आणि एकदम रडू फुटलं. "पण मी तशी नाहीये हो!"

ती आजार लपवत होती, आणि त्या जागी साहेबांना आळस दिसत होता. हे तिचं तिलाच दिसलं, म्हणून पुढचं सगळं सोपं झालं.

खरा अडसर साहेब नव्हतेच. 'मला पूर्वीसारखं जमलंच पाहिजे' यातला 'च' होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडले. त्यांना स्वतःला चाळिशीत मधुमेह झाला, आणि तो सांभाळत ते नव्वदीनंतरही काम करत राहिले. 'पूर्वीसारखं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर कसं करू?' एवढा बदल झाला, की माणूस उपाय शोधायला लागतो.

साहेबांपुढे आजाराची कहाणी नको, कामाचं बोला. आम्ही दोनच वाक्यं घोकली: "मला आमवात आहे, सकाळी बोटं चालत नाहीत. साडेदहा ते साडेसहा वेळ मिळाली तर काम पूर्ण देईन." सोबत डॉक्टरांचं पत्र. गोळीचा वारही डॉक्टरांना विचारून शुक्रवार केला.

आणि तडकाफडकी राजीनामा तर मुळीच नको. कंपनीचा गट आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी सोडायचीच असेल, तर त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

मीनलला वेळ बदलून मिळाली. ऑडिटसाठी बाहेरगावी जाणं मात्र थांबलं, आणि त्याचा भत्ताही. ते तिला फार लागलं. पुढच्या दोन भेटी आम्ही घरखर्चाची वही उघडूनच बसलो.

मार्चएण्डला तिचा फोन आला. "आज एक फाइल आपण होऊन दुसऱ्याला दिली. का म्हणून विचारलं त्याने. म्हटलं, हात दुखतोय."