सोलापूरच्या उन्हाळ्यात आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी ८ मिनिटांतच संपते. काय करावं?

धावून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आणि मोटरवरचा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दाते कमी असलेला बसवा. तुमची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी तापलेली असली की चार्ज नीट घेत नाही. चार्जर ‘फुल’ दाखवतो, पण पोट अर्धंच भरलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग नको. संध्याकाळी गार फरशीवर ठेवा, नजरेसमोर. पिनियनचं गणित सोपं आहे: ३००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे ३ अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीतून मोटर सरासरी १५ अँपिअर ओढत असेल तर १२ मिनिटं मिळतात, २० ओढली तर ९. लहान पिनियनने ओढ कमी होते, टॉप स्पीड थोडा जातो (गल्लीत तो लागतो कुणाला!). जाता जाता चाकं हाताने फिरवून बघा. बेअरिंगमध्ये काळी माती बसली असेल तर खरखर लागते, आणि तीही बॅटरी खाते. माझ्या गाडीत दोष तोच निघाला होता. मात्र बॅटरी जुनी होऊन एखादा सेल बसला असेल, तर यातलं काहीच कामाला येणार नाही, नवीनच घ्यावी लागेल.